कधी आलास? किती दिवस?

म्हसवडच्या एसटी स्टँडवर उतरलात, की पहिल्या दहा मिनिटांत दोन प्रश्न येतात. ‘कवा आलास?’ आणि ‘किती दिस हाईस?’ तुम्ही पुण्याहून आलेले असा नाहीतर न्यूजर्सीहून, प्रश्न हेच. तिसरा प्रश्न येत नाही. परदेशातून परतलेल्या माणसाचं खरं दुखणं म्हणजे हा न येणारा तिसरा प्रश्न!

म्हणजे बघा, चार-पाच वर्षं तिकडे काढून आलेल्या माणसाच्या पोटात गोष्टी साठलेल्या असतात. बर्फात रुतलेली गाडी, भाड्याचं पहिलं घर, दिवाळीला ऑफिसात नेलेले आणि कुणीच न खाल्लेले बेसनाचे लाडू... त्याला कुणीतरी ‘कसं होतं रे तिकडं?’ असं विचारायला हवं असतं. समोरचा ‘हां, हां’ करतो आणि मग म्हणतो, ‘बरं, तुमच्या वाटणीतल्या विहिरीचं काय केलं मग?’ संपलं. पाच वर्षांचं इंग्लंड एका विहिरीत गडप.

याला रिव्हर्स कल्चर शॉक असं भारदस्त नाव आहे. जॉन आणि जीन गलाहॉर्न या अमेरिकन जोडप्याने १९६३ साली त्यावर लिहिलं. परदेशी गेलेल्या माणसाचं मन आधी खूश असतं, मग घसरतं, मग सावरतं, असा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आलेख आधीपासून माहीत होता. गलाहॉर्न म्हणाले, थांबा, घरी परतल्यावर हाच खेळ पुन्हा होतो, म्हणून आलेख ‘डब्ल्यू’चा. परका मुलूख परका वाटणार, ही तयारी करून आपण विमानात बसतो. घर परकं वाटेल, याची तयारी कोण करतं?

पुण्या-मुंबईत परतलेल्यांची लक्षणं ठरलेली असतात. हॉर्नचा त्रास, रांगेत घुसणाऱ्या काकांवर राग आणि दर तिसऱ्या वाक्याला ‘तिकडे असं नसतं!’ मित्र दोन-तीन महिने ऐकून घेतात, मग थेट तोंड बंद करतात. शिवाय मॉल आहेत, हवी तशी कॉफी आहे, आपल्यासारखेच दहा परतलेले आहेत. निभावतं. म्हसवडमध्ये मामला जरा वेगळा आहे, कारण या गावाला परत येणाऱ्यांची तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जुनी सवय आहे.

सातारा जिल्हा म्हटलं की आपल्याला महाबळेश्वर आठवतं, धुकं, स्ट्रॉबेरी आणि धो धो पाऊस. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला माण तालुका आहे, पर्जन्यछायेत. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, इथे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. एका बाजूला सोलापूरची हद्द, दुसऱ्या बाजूला सांगलीचं आटपाडी. घोंगडी, बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि बहुतेक वर्षं कोरडी असणारी माणगंगा. असल्या मुलखात बाहेर पडणं हा चॉइस नसतो. माणदेशी बोलीत त्याला शब्द आहे, ‘जगायला जाणं’. करिअर करायला नाही, एक्स्पोजर घ्यायला नाही... जगायला.

चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन धनगर जायचे, पाऊस झाला की परतायचे. माण-खटावची माणसं मुंबईत गिरणीत गेली, माथाडीत गेली, गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपली. आणि या सगळ्यांत मला कायम अचंबित करणारी जमात म्हणजे गलाईवाले.

गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. सांगलीतले विटा-खानापूर-आटपाडी हे त्याचं माहेरघर, माणमधलेही लोक त्यात आहेत. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, केरळ असो, तमिळनाडू असो, मागच्या बोळात एखादी भट्टी आणि आपल्या मुलखातला माणूस सापडण्याची शक्यता दांडगी! काम नाजूक. अशुद्ध सोन्यात मुद्दाम चांदी मिसळून मुशीत वितळवायचं, मग नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये सोडायचं. चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तळाला राहतं. धुराने आणि उष्णतेने छाती भरते, पण पैसा दिसतो. पोरं मल्याळम नाहीतर तमिळ शाळेत जातात, घरात माणदेशी बोलतात आणि सुट्टीत गावी आली की चुलतभावांशी कुठल्या भाषेत भांडायचं, याचा गोंधळ होतो. आपल्या एनआरआय पोरांचं कौतुकमिश्रित दुःख आपण आत्ता सांगतोय, यांच्याकडे ते कित्येक वर्षं मुकाट चाललंय. कुणी त्याला इंग्रजी नाव दिलं नाही, इतकंच.

विट्याच्या बाजूला गेलात तर गलाईवाल्यांची घरं बघा. माळरानावर दुमजली बंगला, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, आणि दाराला कुलूप. हसू येतं आधी. पण बाहेर गेलेल्या माणसाने गावात आपली जागा धरून ठेवायची ही रीत आहे. मी नसलो तरी माझं घर आहे, मी येणार आहे. कुलूप लावलेला बंगला ही इथली यशाची खूण. कुलूप कायमचं उघडलं तर मात्र लोक दबक्या आवाजात बोलायला लागतात.

हे मला माझ्याच बाबतीत कळलं. लीड्समधली नोकरी सोडून मी आलो तेव्हा ‘किती दिस?’ला उत्तर दिलं, ‘आता इकडंच.’ पारावर एकदम शांतता. मग एका चुलत्यांनी बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून विचारलं, ‘कामावरनं काढलं का रं?’ मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यांनी का हसावं? त्यांनी कायमचं परत येणं पाहिलंय ते असं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार थांबला आणि कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात माणसं ट्रंका घेऊन उतरली. महिन्याभरात परत जाऊ म्हणत आलेली. कित्येकांना पुन्हा गिरणी दिसलीच नाही. वीस-वीस वर्षं भोंग्यावर उठलेला माणूस, त्याला भावाच्या शेतात बिनकामाचा बसवला तर काय होत असेल? त्याच्या आलेखाला कुठलं अक्षर द्यायचं? मग २०२०चा लॉकडाऊन. तेव्हाही मुंबई-पुण्याहून माणसं परतली, आणि ज्या शाळेत शिकली तिच्याच वर्गात चौदा दिवस वेगळी राहिली. भाकरी यायची, पण लांबून ठेवलेली. इथल्या माणसाच्या हिशेबात यात्रेला येणं म्हणजे भरभराट, आणि कायमचं येणं म्हणजे काहीतरी बिनसलंय. आमचे चुलते नोकरीची चौकशी करत नव्हते. पोराच्या पायाखालची जमीन शाबूत आहे ना, एवढंच बघत होते.

गंमत म्हणजे या नियमाला मोडणारी माणसंही म्हसवडचीच. चेतना गाला-सिन्हा मुंबईच्या, अर्थशास्त्र शिकलेल्या, लग्न करून म्हसवडला आल्या. आपण ‘खेड्यात राहणार कसं?’ म्हणतो, त्या राहिल्या, आणि बायकांना बचत ठेवायला बँक हवी म्हणून बँक काढायला निघाल्या. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून. बायका अक्षरं गिरवायला बसल्या, आणि काही महिन्यांनी अधिकाऱ्यांपुढे जाऊन म्हणाल्या, व्याज काढायला सांगा, तुमचे लोक कॅल्क्युलेटरशिवाय आधी काढतात की आम्ही ते बघू. १९९७ साली माणदेशी महिला बँकेला परवाना मिळाला. २००८ साली गावात ‘माणदेशी तरंग’ हा सामुदायिक रेडिओ सुरू झाला, ९०.४ वर. २०१८ साली याच चेतनाताई दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत सहअध्यक्ष होत्या. त्यांचा मुलगा प्रभात सिन्हा अमेरिकेत खेळाच्या व्यवस्थापनाचं शिकून परतला आणि त्याने ‘माणदेशी चॅम्पियन्स’ उभं केलं. हा तोच तालुका, जिथल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला पोचली आणि दहावी आली.

आता डोक्यात ‘बनगरवाडी’ घेऊन परत येणाऱ्याचं काय होत असेल, विचार करा. त्याला वाटतं गाव तसंच थांबलेलं असेल, आपण सोडलं त्या जागी, आपली वाट बघत. इकडे शेजारच्या काकू शेळ्यांसाठी घेतलेल्या कर्जाचा तिसरा हप्ता भरून आलेल्या असतात, आणि तुमच्या फोनमधल्या बँकेच्या अ‍ॅपवर त्यांचं मत असतं. शॉक लागतो तो इथे! आपण बदलून आलो, हे मिरवायचं होतं. गाव आपल्याला न विचारता बदललं, हे पचवायचं राहून जातं.

म्हणून मी परतलेल्या मित्रांना सांगतो, पहिल्या वर्षी यात्रेला जा. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात. दिवाळी पाडव्याला सुरू झालेल्या सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या लग्नसोहळ्याची सांगता या दिवशी रथाने होते. पुण्याहून फलटण, दहिवडी, गोंदवले करत चार-साडेचार तास. गाडी गावाबाहेरच सोडा, आत शिरायला जागा नसते. त्या दिवशी केरळचा गलाईवाला, घाटकोपरचा माथाडी, हिंजवडीचा इंजिनिअर आणि न्यूजर्सीवाला, सगळे एकाच दोराला हात लावायला धडपडत असतात. ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!’ अशी आरोळी उठते, गुलाल-खोबऱ्याचा पाऊस पडतो. ‘किती दिस हाईस?’ कुणी विचारत नाही, विचारलं तरी ऐकू येणार नाही.

पांढरा शर्ट मात्र घालू नका. आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल असेल तर कानामागे नीट धुवा. गुलाल तीन दिवस निघत नाही, आणि लीड्सच्या मॅनेजरला तो काय आहे हे समजावताना चहा गार होतो.