घर सांभाळून

विशेषण हा शब्दांच्या जातींतला मोठा गोडबोल्या पाहुणा आहे. तो येतो नामाची शोभा वाढवायला, आणि पाहता पाहता नामाच्याच पाटावर बसतो. गेली वीसएक वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे या पाहुण्याचा नि माझा रोजचा परिचय. निवडणुकीच्या फलकावरचे ‘कार्यसम्राट’ काय, किंवा मृत्युलेखातले ‘अजातशत्रू’ काय, त्यांच्याकडे मी आता हसून पाहते. पण एका विशेषणापाशी मात्र माझे हसू अडते. ते गाजले लंडनमध्ये, १९४८ साली, आणि चिकटले त्या वेळच्या जगातल्या सर्वांत वेगवान बाईला. ‘उडती गृहिणी’!

ही बाई म्हणजे हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कून. महायुद्धामुळे बारा वर्षे खंडित झालेले ऑलिंपिक त्या साली लंडनमध्ये भरले. दिवस रेशनचे होते. नवे क्रीडांगण बांधायची ऐपत नव्हती, म्हणून वेम्ब्लीच्या जुन्या मैदानातच धावपट्टी आखली गेली. आपल्याला ते ऑलिंपिक आठवते ते स्वतंत्र भारताच्या हॉकी संघाने तिथे जिंकलेल्या सुवर्णपदकामुळे, आणि तिथेच गादीवर पहिल्यांदा उतरून सहाव्या आलेल्या आपल्या खाशाबा जाधवांमुळे. फॅनी तेव्हा तीस वर्षांची होती आणि दोन मुलांची आई. एका ब्रिटिश क्रीडा-अधिकाऱ्याने तर आधीच लिहून टाकले होते की, या वयात हिच्याकडून काही व्हायचे नाही. मुले घरी टाकून आखूड चड्डीत पळायला निघालीस, शोभते का तुला, असे विचारणारी पत्रेही तिला येत होती. ती पत्रे डच भाषेत होती, एवढेच. मजकूर आपल्याला पाठ आहे.

फॅनीने शंभर मीटरची शर्यत ११.९ सेकंदांत जिंकली. ऐंशी मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिची नि ब्रिटनच्या मॉरीन गार्डनरची वेळ एकच लागली, ११.२ सेकंद. निकालाची वाट पाहत असतानाच वाद्यवृंदाने ब्रिटनचे राष्ट्रगीत सुरू केले. संपले सारे, असे फॅनीला वाटले. प्रत्यक्षात ते गीत राजघराण्याच्या आगमनासाठी होते. शर्यत तीच जिंकली होती. दोनशे मीटरच्या उपांत्य फेरीआधी मात्र ती खोलीत रडत बसली. मुलांची आठवण येत होती, घरी जायचे होते. नवऱ्याने समजूत घातली आणि ती उतरली. बायकांसाठी दोनशे मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच ठेवलेली होती. ती तिने २४.४ सेकंदांत जिंकली, दुसरीला सात दशांश सेकंद मागे टाकून. आणि मग चार बायकांच्या टप्प्याटप्प्याच्या शर्यतीत शेवटच्या टप्प्याला दांडी हातात आली तेव्हा हॉलंड मागे होते. रेषेवर पोचले तेव्हा पुढे. मैदानी खेळांत बायकांच्या वाट्याला त्या ऑलिंपिकमध्ये एकंदर नऊच स्पर्धा होत्या. त्यांतल्या चार या एकटीच्या धावेने जिंकल्या गेल्या.

आणखीही एक गोष्ट आहे. १९४३ साली, हॉलंड जर्मनांच्या टाचेखाली असताना, या बाईने उंच उडीत १.७१ मीटर आणि लांब उडीत ६.२५ मीटर असे दोन जागतिक विक्रम केले होते. लंडनमध्ये उंच उडीचे सुवर्ण १.६८ मीटरला गेले आणि लांब उडीचे सहा मीटरांच्याही आतल्या उडीला. फॅनी त्या दोन्हींत उतरलीच नाही, कारण एकेकट्याने खेळायच्या तीनच स्पर्धांत उतरण्याची मुभा होती. शिवाय १९४० आणि १९४४ ही दोन ऑलिंपिके युद्धाने गिळली. म्हणजे वयाच्या बाविसाव्या आणि सव्विसाव्या वर्षी, पाय सर्वांत तेज असण्याच्या दिवसांत, तिला पळायला ऑलिंपिकच नव्हते. तिच्या चार पदकांकडे पाहताना मला या न भरलेल्या दोन मेळाव्यांचीही आठवण होते.

अशा बाईला वर्तमानपत्रांनी नाव दिले, उडती गृहिणी. शब्द वाईट नाही. ‘रघुवंशा’त अज इंदुमतीसाठी शोक करतो तेव्हा तिच्या नात्यांची यादी तो ‘गृहिणी’पासूनच सुरू करतो. पण इथे तो शब्द कशासाठी आला? बायको ही पाहा, हिने स्वयंपाक टाकून काय केले, या नवलापोटी आला.

आता जरा मागे जाऊ. १९३६ साली, अठरा वर्षांची फॅनी बर्लिनच्या ऑलिंपिकला गेली होती. पदक मिळाले नाही, पण एक ठेवा मिळाला: जेसी ओवेन्सची सही. त्या काळ्या अमेरिकन तरुणाने बर्लिनमध्ये, हिटलरच्या डोळ्यांदेखत, चार सुवर्णपदके जिंकली होती. हा ओवेन्स त्या वेळी बावीस वर्षांचा होता, विवाहित होता, आणि त्याला चार वर्षांची एक मुलगी होती! त्याला वर्तमानपत्रांनी ‘बंदुकीची गोळी’ म्हटले. ‘उडता बाप’ असे कोणी म्हटले नाही. त्याची मुलगी त्या दिवसांत कोणाजवळ होती, तिचे खाणेपिणे कोण पाहत होते, हे त्याला विचारायचे कोणाच्या मनातही आले नाही. पदके दोघांचीही चार. फरक फक्त विशेषणाचा.

हे सारे जुने झाले असे वाटत असेल तर २०१९ साल पाहा. जमैकाची शेली-ॲन फ्रेझर-प्राइस मुलगा झाल्यानंतर दोहाला जगज्जेतेपदाची शंभर मीटरची शर्यत १०.७१ सेकंदांत जिंकली आणि मुलाला कडेवर घेऊन मैदानात फिरली. पूर्वी तिला तिच्या ठेंगण्या बांध्यावरून ‘खिशातले रॉकेट’ म्हणत. आता ती ‘मम्मी रॉकेट’ झाली. गृहिणीची मम्मी व्हायला एकाहत्तर वर्षे लागली.

आपल्या मराठीत तर या विशेषणाची गरजही नाही. आपल्याकडे तेच काम एक धातुसाधित करते: ‘सांभाळून’. माझे पुस्तक आले तेव्हा एका सभेत अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, “बाईंनी घर सांभाळून हे लेखन केले आहे.” माझ्याच शेजारी बसलेल्या प्राध्यापक मित्राचेही पुस्तक त्याच सभेत प्रकाशित होत होते. त्यांनी काय सांभाळून लिहिले, हे सभेला कळले नाही. त्यांच्या पत्नी समोरच बसल्या होत्या, आणि त्या मला डोळ्यांनी हसल्या. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला या ‘ऊन’ प्रत्ययाची गंमत निराळी कळते. ‘जेवून गेला’ म्हणजे आधी जेवला, मग गेला. तसे ‘घर सांभाळून धावली’ म्हणजे आधी घर. ते झाले, ओटा पुसला, दूध विरजले, मग उरल्या वेळात जागतिक विक्रम!

फॅनीचे घर प्रत्यक्षात कसे चालत होते? तिचा नवरा यान ब्लँकर्स स्वतः तिहेरी उडीतला खेळाडू, पुढे क्रीडापत्रकार आणि तिचा शिक्षक. बायकांनी स्पर्धांत उतरू नये, असे आरंभी या गृहस्थांचेच मत होते. पुढे फॅनी भेटली आणि मत पालटले. सरावाला जाताना मुले बरोबरच असत. २००३ साली तिचे चरित्र डच भाषेत निघाले. त्यातली फॅनी वर्तमानपत्रांतल्या सोज्वळ माउलीसारखी नाही. ती जिंकण्याने झपाटलेली, घरच्यांनाही सोपी नसलेली बाई आहे. हे कळल्यावर माझा आदर कमी झाला नाही. उलट एक ओझे उतरल्यासारखे वाटले. चार सुवर्णपदके जिंकणारीने शिवाय आदर्श गृहिणीही असलेच पाहिजे, ही अट कोणी घातली होती?

इतके सारे पक्के ठरवून बसले असताना गेल्या वर्षी एका मुलीने मला पेचात टाकले. आमच्या एम. ए.च्या वर्गातली ही मुलगी लग्न होऊन सासरी राहते आणि विद्यापीठाच्या स्पर्धांत दोनशे मीटर पळते. तिला पदक मिळाले, कॉलेजने सत्कार ठरवला, आणि मानपत्र लिहिण्याचे काम शिरस्त्याप्रमाणे मराठी विभागाकडे आले. कच्च्या मसुद्यात कोणीतरी ‘विवाहानंतरही घर सांभाळून’ असे घातलेले होते. मी लाल शाईने ते खोडले आणि मसुदा तिला दाखवला. तिने वाचला, जराशी घुटमळली, आणि म्हणाली, “बाई, ते वाक्य राहू द्या ना.”

“का ग?”

“सासूबाई येणार आहेत कार्यक्रमाला. त्यांच्यासमोर ते वाचलं गेलं, की पुढच्या वर्षीही पळायला मिळेल मला.”

मी तिच्याकडे पाहतच राहिले. मी ज्याला कुंपण म्हणत होते त्यातून ती फाटकासारखी ये-जा करू पाहत होती! मग मनात आले, फॅनीच्या त्या नावानेही असेच केले नसेल कशावरून? कुठल्यातरी गावी कुठल्यातरी बाईने वर्तमानपत्रातला तो मथळा नवऱ्यापुढे धरला असेल, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तासभर मैदानावर जाण्याची परवानगी मिळवली असेल. शब्द आपण तत्त्वाने तोलतो. ज्यांना त्यांच्या आधाराने उंबरा ओलांडायचा असतो त्या उपयोगाने तोलतात.

पण म्हणून मी ते वाक्य तसेच ठेवले नाही. रात्री पुष्कळ वेळ कागद पुढ्यात घेऊन बसले. आमचे हे दोनदा दार ढकलून पाहून गेले; तिसऱ्यांदा आले ते चहा घेऊनच. तेव्हा सुचले. मानपत्राच्या पहिल्या ओळीत तिची वेळ सेकंदांत लिहिली आणि शेवटच्या ओळीत लिहिले, ‘हिच्या धावण्याला हिच्या घराने सांभाळून घेतले, याबद्दल त्या घराचेही अभिनंदन.’ एका ‘घेणे’ने कर्ता बदलला. सत्काराच्या दिवशी ते वाचले गेले तेव्हा सासूबाईंनी पदर सावरला आणि ताठ बसल्या. या वर्षीही ती मुलगी पळते आहे.

घराने कसे सांभाळून घ्यावे याचा एक नमुना फॅनीच्या शेजाऱ्यांनी घालून दिला आहे. लंडनहून ती परतली तेव्हा चार घोड्यांच्या गाडीतून ॲमस्टरडॅममध्ये तिची मिरवणूक निघाली. आणि शेजाऱ्यांनी तिला एक सायकल भेट दिली, आता इतके पळायला नको म्हणून! ती अर्थात थांबली नाही. १९५२ साली हेलसिंकीला, चौतिसाव्या वर्षी, अंगावर उठलेल्या गळवाच्या त्रासाने तिला अडथळ्यांची अंतिम शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. १९५५ मध्ये तिने स्पर्धा सोडल्या. १९९९ साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने तिला शतकातली सर्वश्रेष्ठ महिला खेळाडू ठरवले, आणि २००४ मध्ये ती वारली.

मला मात्र या सगळ्या सन्मानांहून १९७२ सालची एक भेट मोलाची वाटते. म्युनिकच्या ऑलिंपिकच्या वेळी फॅनी पुन्हा एकदा ओवेन्ससमोर उभी राहिली. छत्तीस वर्षांपूर्वीची तुमची सही मी अजून जपून ठेवली आहे, असे म्हणून तिने आपले नाव सांगितले. ओवेन्स म्हणाला, नाव सांगायची गरजच नाही, तुमच्याबद्दल मला सगळे ठाऊक आहे. पुढे कितीतरी वर्षे ही आठवण ती एखाद्या शाळकरी मुलीसारखी हरखून सांगत असे. उडती गृहिणी म्हणून सगळे जग तिला ओळखत होते. पण तिच्याच वाटेने पळून आलेल्या एका माणसाने तिला ओळखले ते नुसत्या नावाने.