रेडिओने उत्तर दिलं!

०१ ४० ७४ ०० ०१. लॅपटॉपवरून हे पाच बाइट धाडले आणि शेजारच्या यासू एफटी-८१७ च्या पडद्यावर १४.०७४ मेगाहर्ट्झ झळकलं. बटणाला कुणी हातही लावला नव्हता! मी अक्षरशः ओरडलो. तारापुरात रात्री अकरा वाजता ओरडलं की अर्धी आळी जागी होते, झाली.

यातली गंमत बघा. शेवटचा बाइट हा हुकूम: ०१ म्हणजे ‘ही फ्रीक्वेन्सी लाव’. आधीच्या चारांत फ्रीक्वेन्सीच आहे, उघड्या डोळ्यांनी वाचता येईल अशी! ०१४०७४०० ला दहाने गुणा, झाले १,४०,७४,००० हर्ट्झ. मग मी चार शून्य बाइट आणि शेवटी ०३ धाडलं, म्हणजे ‘आत्ता कुठे आहेस?’ उत्तर आलं, ०१ ४० ७४ ०० ०१. तेच पाच! पण आता शेवटच्या ०१ चा अर्थ निराळा: अप्पर साइडबँड. पाच बाइटांत अख्खा संवाद!

इथवर पोचायला मात्र घाम निघाला. रेडिओ जुना घेतलेला, केबल कुठल्याशा दुकानातली आणि एफटी-८ या संदेशपद्धतीचा प्रोग्राम दरवेळी एकच सांगे: रिगकडून प्रतिसाद नाही. वाट दाखवली एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळणाऱ्या मित्राने. कारखान्यातल्या सीरियल लाइनी हा त्याचा रोजचा धंदा. तो म्हणाला, “अरे, सगळं एकदम कशाला तपासतोस? आधी रेडिओ बाजूला कर.”

केबल रेडिओतून काढली. तिच्या प्लगमधली पाठवायची आणि घ्यायची पिन बारीक तारेने जोडली, टर्मिनलमध्ये ‘अ आ इ’ टंकलं आणि तीच अक्षरं परत आली! म्हणजे पोर्ट ठीक, ड्रायव्हर ठीक, केबल ठीक. एका तारेच्या तुकड्याने निम्मे संशयित सुटले. ही लूपबॅक चाचणी प्रत्येक हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, पहिल्याच दिवशी शिकवायला हवी, असं मी आता भेटेल त्याला सांगतो.

उरला वेग. या रेडिओत ४८००, ९६०० आणि ३८४०० असे तीनच बॉड रेट. मेनूत ३८४०० निघाला, प्रोग्राममध्ये ४८००. दोन्हीकडे ४८०० केला, स्टॉप बिट दोन ठेवले आणि रेडिओ बोलू लागला.

मग ०८! ०८ म्हणजे ट्रान्समिट, ८८ म्हणजे थांब. परवाना हाताशी होताच, लगेच एफटी-८ वर हाक दिली. स्टीव्ह फ्रँके आणि नोबेल विजेते जो टेलर यांनी २०१७ साली आणलेली ही पद्धत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने चालते आणि कानाला ऐकूही येत नाहीत असे सिग्नल वाचते. रेडिओची ताकद सगळी पाच वॉट! पण हाक सुरू होताच संपर्क तुटला. पुन्हा हाक, पुन्हा तुटला. ट्रान्समिट करतानाच तुटतो म्हणजे अँटेनाची लहर केबलीत शिरतेय. दोन्ही टोकांना फेराइटचे क्लिप बसवले, डायपोलची फीडलाइन लॅपटॉपपासून लांब नेली, आणि संपर्क टिकला.

आता मित्राच्या आयकॉम रेडिओवर डोळा आहे. त्यात हीच फ्रीक्वेन्सी ०० ४० ०७ १४ ०० अशी जाते, जोड्या उलट्या क्रमाने! रविवारी तो रिग घेऊन येतोय. तार कापून तयार ठेवलीय.