दोन तारखा आणि एक फोन



मागच्या महिन्यात कॅलिफोर्नियातून दादांचा फोन आला. दादा म्हणजे आमच्या वसतिगृहातले सिनियर. ते तिकडे एच-१बी व्हिसावर नोकरी करतात. त्यांची मुलगी चार वर्षांची असताना अमेरिकेत गेली, आता सतरा वर्षांची आहे. भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग कित्येक वर्षांची, आणि एकविसाव्या वर्षी मुलगी वडिलांच्या व्हिसातून बाहेर पडते. मग तिने जायचे कुठे? म्हणून दादा अशा मुलांसाठी तिथल्या खासदारांच्या कार्यालयात फोन करतात. आम्ही विचारले, "आणि ज्यांच्याकडे मुळीच कागद नाहीत, त्या मुलांसाठी?" दादा म्हणाले, "ती वेगळी. आम्ही रांगेत उभे राहून आलो. आम्हाला त्यांच्यात मिसळू नका."

हे वाक्य आम्हाला झोंबले. कारण ते आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे, फक्त दुसऱ्यांच्या तोंडून.

आम्ही भटक्या-विमुक्तांच्या वस्तीवर मुलांचा अभ्यासवर्ग चालवतो. तिथल्या एका मुलीला बारावीनंतर जातीचा दाखला हवा होता. कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी राज्यात राहत होते, याचा पुरावा मागितला गेला. आजोबा पालात जन्मले, पालात वारले. ना शाळेचा दाखला, ना सातबारा, ना कोतवाल बुकात नोंद. आम्ही तिला घेऊन एका लोकप्रतिनिधीकडे गेलो. पहिला प्रश्न आला, "मतदान कुठे आहे यांचे?" कुठेच नव्हते. तिथे आमची भेट संपली.

आता अमेरिकेकडे पाहा. १९८२ मध्ये 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले, की कागद नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेबाहेर ठेवता येणार नाही. आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलाला देऊ नये, हा त्यामागचा विचार. पण हे शाळेपुरतेच. बारावी झाली की पुढे भिंत. ती पाडण्यासाठी २००१ मध्ये डिक डर्बिन आणि ऑरिन हॅच या दोन परस्परविरोधी पक्षांच्या सिनेटरांनी 'ड्रीम ॲक्ट' मांडला. डिसेंबर २०१० मध्ये तो कनिष्ठ सभागृहात मंजूर झाला, पण सिनेटमध्ये अडकला. बाजूने ५५ मते, विरोधात ४१, आणि गरज होती ६० मतांची. बहुमत असूनही मुले हरली.

त्यानंतर १५ जून २०१२ रोजी ओबामा सरकारने 'डॅका' योजना आणली. त्यात दोन-दोन वर्षांचा कामाचा परवाना मिळतो, हद्दपारी पुढे ढकलली जाते, नागरिकत्व मात्र मिळत नाही. आणि अट कोणती? १५ जून २००७ पासून तुम्ही अमेरिकेत सलग राहत असला पाहिजे. म्हणजे २००८ मध्ये जन्मलेल्या आणि आईच्या कडेवर सीमा ओलांडलेल्या मुलाला या योजनेत जागाच नाही. आमच्या वस्तीवरच्या मुलीला १९६१ आडवे येते, तिकडच्या मुलाला २००७. त्या तारखांना दोघेही जन्मले नव्हते.

या मुलांना मत नाही. तरी ती लोकप्रतिनिधींच्या दारात गेली. २०१० च्या १ जानेवारीला चार विद्यार्थी मायामीहून पायी निघाले आणि सुमारे अडीच हजार किलोमीटर चालून वॉशिंग्टनला पोहोचले. त्याच वर्षी मे महिन्यात काही तरुण पदवीदानाचा झगा आणि टोपी घालून ॲरिझोनातील सिनेटर जॉन मॅकेन यांच्या कार्यालयात ठिय्या देऊन बसले. अटक म्हणजे हद्दपारीचा धोका, हे माहीत असूनही बसले.

दादा, बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगितली ती याचसाठी. प्रत्येक पायरीवरच्याला खाली बघायला कोणीतरी दिलेले असते, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे एक होत नाहीत. 'कायदेशीर मूल' आणि 'बेकायदेशीर मूल' ही तशीच उतरंड आहे. तुमची मुलगी एकविसाव्या वाढदिवसाला एका रात्रीत खालच्या पायरीवर जाऊ शकते. तिचा गुन्हा काय? तोच, जो त्या मेक्सिकन मुलाचा.

तुम्ही २०२३ मध्ये जातिभेदविरोधी एसबी ४०३ विधेयकासाठी कॅलिफोर्नियातल्या आमदारांना फोन केले होते. ते दोन्ही सभागृहांत मंजूर झाले आणि राज्यपालांनी नाकारले. तेव्हा ज्यांना जातीचा चटका बसलेला नाही असे अनेक लोक आपल्या बाजूने उभे राहिले. आता आपली पाळी आहे.

कोणी म्हणेल, फोनने काय होते? १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा त्यात जीव आला. पण पायाखाली तो ठराव होताच. लढ्याला कायदा लागतो आणि कायद्याला लढा.

तुमची भीतीही आम्ही समजतो. व्हिसावरच्या माणसाने किती पुढे यावे हे आम्ही इथे बसून सांगणार नाही. ज्यांच्या स्वतःकडेच कागद नाहीत, त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय आपली गोष्ट कुठे सांगू नये. पण अमेरिकेचे नागरिक झालेले आपले बांधव आहेत. पहिला फोन त्यांनी करावा. नाव, झिप कोड आणि एकच मागणी सांगावी: सगळ्या मुलांना नागरिकत्वाचा मार्ग द्या, काहींना नको. दोन मिनिटे लागतात. कार्यालयात त्याची नोंद होते.

आणि इथे आपण १९६१ च्या तारखेसाठी आपापल्या आमदाराला पत्र लिहू. त्या मुलीचे पुढचे शिक्षण त्या दाखल्यावाचून थांबले आहे. आता ती अठरा वर्षांची झाली आहे. मतदार यादीत नाव घालण्याचा तिचा अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात भरला. पुढच्या वेळी "मतदान कुठे आहे?" असे कोणी विचारले, तर उत्तर ती देईल.

दादा म्हणाले आहेत, "विचार करतो." आम्ही वाट पाहतो आहोत.

जयभीम! नमो बुद्धाय!