सूर्यास्ताचे काम

झेंडा वर चढवायला माणसे पुष्कळ मिळतात. उतरवायला कुणी मिळत नाही.

हे मी लहानपणीच पाहिले. मालाडला, स्टेशनच्या पश्चिमेस, मार्वे रोडपासून जरा आत आमची वाडी होती. बैठ्या चाळी, मध्ये अंगण, अंगणात एक विहीर आणि एक सोनचाफा. पंधरा ऑगस्टला सकाळी त्या अंगणात सारी वाडी लोटे. अण्णा, म्हणजे माझे वडील, आदल्या रात्रीच झेंड्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या भरून सुरगाठ मारून ठेवत. "निरगाठ बसली तर सगळ्या वाडीसमोर फजिती," असे म्हणून ती चार वेळा ओढून बघत. सकाळी दोरीला हिसका बसला, पाकळ्या उधळल्या, राष्ट्रगीत झाले, की जिलबीच्या परातीभोवती एकच गर्दी उसळे. पंधरा मिनिटांत अंगण मोकळे!

संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, अण्णा मला हाक मारीत. "चल रे, झेंडा घ्यायला." 'उतरवायला' असे ते कधी म्हणाले नाहीत. पाळण्यातले मूल घ्यावे, तसे 'घ्यायला'. ते दोरी हळूहळू सैल सोडीत आणि मी खाली दोन्ही हात पसरून उभा राही. ऑगस्टातला पाऊस दिवसभर झालेला असे. भिजून जड झालेली ती खादी माझ्या हातांवर येऊन पडे. जमिनीला टेकता कामा नये, एवढी एकच ताकीद. घरी आलो की अण्णा वलणीवरचे आमचे कपडे काढायला लावीत आणि त्या जागी झेंडा वाळत घालीत. "पावसाळ्यात आधीच कपडे वाळायची मारामार," अशी आईची कुरकुर चाले. पण दोरी पुसून देई तीच. दोन दिवसांनी घडी होई. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या पाठीमागे, मग दोन्ही कडा आत, चक्र वर. पुढे कितीतरी वर्षांनी सरकारी सूचनांत हीच पद्धत वाचली, तेव्हा मला हसू आले. ती घडी कडुलिंबाच्या पाल्यात ठेवून ट्रंकेत जाई, ती प्रजासत्ताक दिनापर्यंत.

एकदा कंटाळून मी विचारले, "राहिला रात्रभर वर, तर काय होईल?"

अण्णा म्हणाले, "झेंड्याला काही होणार नाही. आपल्याला सवय लागेल."

या माणसाला एवढे सोवळे कशाला, असे तेव्हा वाटे. पण घडी घालता घालता ते गोष्टी सांगत, त्यांतून थोडे थोडे उमजू लागले. १९२३ साली नागपुरात नुसता झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून चालायचे, एवढ्यासाठी माणसांच्या तुकड्यांमागून तुकड्या तुरुंगात गेल्या. मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत हे चालले होते. आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता गोळ्यांना बळी पडला. वय पंधरा. "माझ्याहून तीन वर्षांनीच मोठा," असे सांगताना अण्णांचा हात घडीवर थांबे. त्या पिढीला झेंडा हाती धरण्याची किंमत मोजावी लागली. आपल्या वाट्याला तो सांभाळून ठेवण्याचे कष्ट तेवढे आले.

आणि तेही मला जड झाले, हे आज सांगितले पाहिजे.

अण्णा गेले. वाडी पाडून तिथे चौदा मजली इमारत उभी राहिली. विहीर बुजली, चाफा मात्र कुंपणाच्या कोपऱ्यात कसाबसा वाचला. दरम्यान कायदाही उदार झाला होता. २६ जानेवारी २००२ पासून साध्या नागरिकाला वर्षातल्या कोणत्याही दिवशी घरावर तिरंगा लावण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर बनवलेल्या झेंड्यांना मान्यता आली, आणि जुलै २०२२ मध्ये रात्रीही झेंडा फडकत ठेवायला परवानगी मिळाली. त्या ऑगस्टात, स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती तेव्हा, आमच्या इमारतीच्या प्रत्येक खिडकीत तिरंगा लागला. कुरारच्या टेकडीवरच्या पत्र्यांवरही तो दिसला. खादीचा झेंडा ज्याला परवडला नसता त्याच्या दारीही तो पोचला, हे बघून मला मनापासून आनंद झाला. मीही एक आणून ग्रीलला बांधला. घट्ट, वाऱ्याने सुटू नये म्हणून, निरगाठ मारून.

सूर्यास्त झाला. उतरवण्याची सक्ती नव्हती. सोळा तारीख उजाडली, सतरा उजाडली. मग गणपती आले, गेले, पितृपंधरवडा लागला. दसऱ्याआधी घर झाडायला काढले, तेव्हा पडदा सारून पाहतो तो ग्रीलला एक मळकट चिंधी गुंडाळलेली! केशरी रंग विटून गेलेला, हिरव्या पट्ट्याच्या दशा लोंबत होत्या, चक्रावर कबुतराची विष्ठा. गाठ सुटेना. कात्रीने कापावी लागली.

आपल्याला सवय लागेल, असे अण्णा म्हणाले होते. लागली होती.

त्याच दुपारी माळ्यावरची ट्रंक काढली. अण्णा गेल्यापासून ती मी उघडलीच नव्हती. कडुलिंबाच्या पाल्याची भुकटी झाली होती आणि खादी कसरीने खाल्ली होती. घडीवर बोट ठेवले तर बोट आरपार गेले. एक झेंडा मी उघड्यावर विसरलो होतो, दुसरा जपून ठेवून विसरलो होतो.

जीर्ण झालेला झेंडा एकांतात, शक्यतो अग्नीत, संपूर्ण नष्ट करावा, असे ध्वजसंहिता सांगते. पूर्वी परसात बंब पेटायचा. आता अग्नी आणायचा कुठून? अखेर पहाटे चारला घमेले घेऊन गच्चीवर गेलो. काडी ओढली आणि हात थबकला. समोरच्या इमारतीतून कुणी बघितले तर काय दिसेल? एक माणूस तिरंगा जाळतो आहे. भर रस्त्यात हेच केले तर तो गुन्हा, तुरुंगात घालणारा. आणि इथे हेच शेवटचे कर्तव्य. कृती तीच, आग तीच. फरक आहे तो पाहणाऱ्याच्या डोळ्याला कधीच दिसणार नाही अशा जागी. दिवसभर अंगणात गर्दी असताना अण्णांचा आदर दिसत नसे. तो सगळे निघून गेल्यावर, ओल्या वलणीपाशी सुरू होई.

खादी शांतपणे जळली, मूठभर राख मागे ठेवून. पॉलिएस्टर वितळले, आक्रसले आणि त्याचा काळा गोळा घमेल्याला चिकटून बसला. दोष कापडाचा नव्हता. तो गोळा मी उलथन्याने खरवडून काढला आणि राखेबरोबर चाफ्याच्या मुळाशी पुरला.

आता पंधरा ऑगस्टला ग्रीलला झेंडा लावतो तो सुरगाठीने. संध्याकाळी नातीला हाक मारतो. ती सात वर्षांची आहे, आणि तिलाही जरा कंटाळाच येतो. मागच्या खेपेला हात पसरून उभी असताना तिने विचारले, "आजोबा, बाकीच्यांचे तर अजून वरच आहेत. आपलाच का काढायचा?"

मी म्हटले, "काढायचा नाही ग, घ्यायचा."