बिघाड कुठे थांबतो?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,’ हे वाक्य आता आमच्या आया-बहिणींना पाठ झाले आहे. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही, आणि दिवसाचा रोज बुडवून रांगेत उभे राहिलेले माणूस रिकाम्या पिशवीने घरी परतते. यंत्र म्हटले की बिघडायचेच, असे म्हणून आपण गप्प बसतो. पण एका ठिकाणी बिघडले म्हणून सगळेच का थांबावे? याचे उत्तर पुष्कळदा सॉफ्टवेअरच्या रचनेत असते. सॉफ्टवेअरचे भाग कोणते, कोणी कोणाशी बोलायचे, एक भाग बंद पडला तर बाकीच्यांनी काय करायचे, हे आधी ठरवणे म्हणजे सॉफ्टवेअर आर्किटेक्चर. अशी रचना करण्याच्या काही रुळलेल्या पद्धती आहेत. त्यांना आर्किटेक्चर स्टाइल्स म्हणतात.

नाव इंग्रजी आहे म्हणून बिचकायचे कारण नाही. आम्ही गिरणगावात वाढलो. यातल्या कितीतरी पद्धती आम्ही लहानपणीच पाहिल्या होत्या, फक्त त्यांची नावे ठाऊक नव्हती.

गिरणीत कापूस कार्डिंग खात्यात पिंजला जाई, रिंग खात्यात त्याचे सूत होई, वायंडिंगमध्ये ते गुंडाळले जाई आणि साचा खात्यात कापड विणले जाई. प्रत्येक खात्याने आपले एकच काम करायचे आणि माल पुढे द्यायचा. संगणकात या पद्धतीला ‘पाइप आणि फिल्टर’ म्हणतात. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी १९६४ साली ही कल्पना मांडली आणि १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये उतरवली. यात एखादे खाते बदलणे सोपे जाते. मात्र मधले खाते थांबले की पुढची सगळी रिकामी बसतात.

आता गिरणीचा भोंगा आठवा. तो वाजला की पाळीचा कामगार निघे, खानावळवाली बाई पोळ्या लाटायला घेई, चहावाला शेगडी पेटवी. भोंगा वाजवणाऱ्याला यांतले कोणीच ठाऊक नसे. चहावाला आजारी पडला तरी भोंगा वाजायचा राहत नसे. ही झाली घटनेवर चालणारी, म्हणजे ‘इव्हेंट’ची पद्धत. एका भागाचा बिघाड दुसऱ्याला अडवत नाही. पण ऐकणाऱ्याने ऐकलेच नाही, तर तेही वाजवणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे चूक शोधायला वेळ लागतो.

रेल्वे आरक्षणाची खिडकी म्हणजे ‘क्लायंट-सर्व्हर’. खिडकी मागते, सर्व्हर देतो. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ मध्ये एकमेकांना जोडली गेली आणि एका गावच्या खिडकीवर दुसऱ्या गावाहून सुटणाऱ्या गाडीचेही तिकीट मिळू लागले. नोंद एका जागी राहते म्हणून एकच बर्थ दोघांना विकला जात नाही. पण त्या जागेला दुसरा आधार ठेवला नाही, तर तिच्यावरच्या सगळ्या खिडक्या एकदम बंद.

चौथी पद्धत थरांची. नेदरलँड्समधील एडस्खर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये आपली संगणक प्रणाली अशा थरांत मांडून दाखवली. वरचा थर खालच्याकडून काम करून घेतो. पडदा वेगळा, नियम वेगळे, नोंदी वेगळ्या. उद्या पडद्यावरचा मजकूर मराठी करायचा झाला तर नोंदींना हात लावावा लागत नाही. तोटा एवढाच, की लहानसे कामही सगळ्या थरांतून फिरून येते.

राहिला मोठा वाद : सगळे एकत्र की वेगवेगळे? एकत्र म्हणजे आमची चाळीतली १० बाय १० ची खोली. चूल, अभ्यास, अंथरूण सगळे तिथेच. स्वस्त आणि सोयीची, पण पाहुणा आला की अभ्यास बंद. वेगवेगळे म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र ब्लॉक. याला मायक्रोसर्व्हिसेस म्हणतात, आणि २०१४ मध्ये जेम्स लुईस व मार्टिन फाउलर यांच्या लेखामुळे हे नाव सर्वत्र झाले. पण ब्लॉक तितकी लाइटबिले! २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओतील एका गटाने चित्र-आवाजाची गुणवत्ता तपासणाऱ्या यंत्रणेचे विखुरलेले भाग पुन्हा एकत्र केले आणि तिचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे सांगितले. म्हणून अमुक पद्धत श्रेष्ठ आणि तमुक कनिष्ठ, असे नसते. काम पाहून पद्धत निवडायची असते.

रेशनचेच घ्या. नेट गेले तरी उचल यंत्रातच नोंदवून ठेवायची आणि नेट आल्यावर पुढे पाठवायची, अशी रचना करता येते. मग तेच धान्य दोनदा उचलले जाईल का, याचाही बंदोबस्त करावा लागतो. दोन्ही बाजूंचा खर्च आहे. प्रश्न एवढाच, की तो खर्च यंत्रणेने सोसायचा की रांगेतल्या बाईने?

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच एक मार्मिक गोष्ट लिहून ठेवली आहे. जी संस्था प्रणाली बनवते, तिच्यातली माणसे एकमेकांशी जशी बोलतात, तसाच आकार त्या प्रणालीला येतो. आम्ही त्यापुढे एवढेच म्हणतो, की ज्या टेबलाशी रांगेत उभे राहिलेले माणूस कधी बसलेच नाही, तिथे ‘नेट गेले तर काय?’ हा प्रश्न फार उशिरा निघतो.

आमची मुले-मुली आज पदविका, पदव्या घेऊन कोड लिहू लागली आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. पण सांगितलेले कोड लिहिणे ही पहिली पायरी झाली. मुलाखतीत ‘हे असेच का बांधले?’ असे विचारतात, तेव्हा ज्याला उत्तर देता येते तो नकाशा काढणाऱ्यांत जाऊन बसतो. पालकांनी रात्री जेवताना मुलांना एवढेच विचारावे : तू केलेल्या प्रोग्रॅमचा कोणता भाग बंद पडला तर कोणाचे काम अडेल? आपल्याला कोड कळत नसेल, पण काम अडणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळते?