आधी बेड बघ

2018च्या दिवाळीत मी माझा पहिला गेमिंग कॉम्प्युटर जुळवला. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, साठवलेले 55 हजार हातात होते. कोल्हापुरात राजारामपुरीतली तीन-चार दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं सगळ्यात महागडा प्रोसेसर पुढं केला. "आत्ता ह्याच्यापेक्षा फास्ट काही नाही, डोळे झाकून घ्या." किंमत ऐकून डोळे आपोआपच झाकले.

रात्री जेवण झाल्यावर दोन कोटेशनं घेऊन बसलो. वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. प्रोसेसरशी त्यांचा संबंध शून्य, पण त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ह्यो बसतोय कशात? आणि चार वर्षांनी नवा आणलास तर त्यातच बसंल का?"

मी सॉकेट म्हणजे काय ते सांगितलं. म्हणाले, "मग आधी बेड बघ. चक काय, कवाबी बदलता येतोय."

आण्णांच्या लेथचा बेड माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे. मोटर बदलली, चक बदलला, टूलपोस्ट बदलला, बेड तोच. मी इतके दिवस कोअर आणि गिगाहर्ट्‌झ मोजत होतो, आणि ज्याच्यावर हे सगळं बसणार ते बघितलंच नव्हतं.

एएमडीनं एएम4 हा सॉकेट 2020पर्यंत चालवायचा शब्द दिला होता. म्हणून बी450 चिपसेटचा बोर्ड जरा बरा, चांगल्या हीटसिंकचा घेतला आणि त्यावर रायझन 5 2600 बसवला. सहा कोअर, बारा थ्रेड. तेव्हा गेमसाठी चार कोअर पुरतात असं म्हणणारे मित्र पुष्कळ होते. ते तेव्हापुरतं खरंही होतं. पण मला तेव्हापुरतं नको होतं.

2019च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि पाणी 55 फुटांवर. आमचं घर शाहूपुरीत. आईनं धान्याचे डबे माळ्यावर चढवले, मी कॅबिनेट. पाणी उतरल्यावर घरभर ओलसर वास आणि चिखल. कॅबिनेटला पाणी लागलं नव्हतं, तरी मनाचं समाधान म्हणून उघडून साफ करायला घेतलं. कूलरचे स्क्रू काढले आणि सरळ वर ओढला. वाळलेल्या थर्मल पेस्टनं प्रोसेसर कूलरला चिकटला होता. सॉकेटचा खटका बंद असतानाच तो उपटून वर आला. खाली 1331 पिना, त्यातल्या एका कोपऱ्यातल्या चार आडव्या.

पोटात गोळा आला. यूट्यूबवर लोक मेकॅनिकल पेन्सिलीनं पिना सरळ करतात. माझा हातच थरथरत होता. मग हुपरीचा मित्र आठवला. त्याच्या घरी तीन पिढ्या चांदीचे पैंजण घडवतात. प्रोसेसर स्पंजमध्ये गुंडाळून डबीत घातला आणि गाडी काढली.

त्यानं डोळ्याला भिंग लावलं, उजेडाकडं तिरका धरून बघितला. "सोन्याचा मुलामा हाय भावा. मऊ असतंय. एकदा वाकलंय, एकदाच सरळ करायचं. परत परत वाकवलं की तुटतंय." अगदी बारीक टोकाचा चिमटा घेतला आणि एकेक पिन मुळापासून उभी केली, शेजारच्या रांगेशी नजरेनं जुळवत. चहा निवायच्या आत काम झालं. पैसे विचारले तर म्हणाला, गेम खेळायला येतो.

त्या चार पिनांवर प्रोसेसर पुढं पावणेपाच वर्षं चालला. मधे, मे 2020 मध्ये, पुढची पिढी बी450वर चालणार नाही असं कंपनीनं जाहीर केलं. जगभर आरडाओरडा झाला, आणि दोन आठवड्यांत निर्णय फिरला. माझा जीव मात्र तेवढे दिवस टांगणीला होता.

2024 उजाडेपर्यंत नव्या गेममध्ये अडखळणं वाढलं होतं. सरासरी फ्रेम बऱ्या, पण गर्दीच्या चौकात आलं की झटका. मे महिन्यात रायझन 7 5700एक्स3डी घेतला. बोर्ड तोच, रॅम तीच. आण्णांना फरक सांगितला: जुन्यात एल3 कॅशे 16 एमबी, ह्यात 96. "म्हंजे?" लेथशेजारचा हत्यारांचा ट्रे सहापट मोठा झाला, म्हटलं, दर वेळी स्टोअरला पळायला नको. त्यांना पटलं.

आधी बायोस अपडेट करायचा होता, आणि वळीव कधी कोसळेल आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. अपडेट अर्ध्यात तुटला तर बोर्ड गेलाच समजा. यूपीएस लावून, आभाळ निरभ्र बघून, पहाटे पाच वाजता केला. कूलर काढण्याआधी अर्धा तास गेम चालवून पेस्ट गरम केली, मशीन बंद केलं आणि कूलर डावी-उजवीकडं हळूच फिरवून सोडवला.

आता भाच्याला कॉम्प्युटर हवाय. "मामा, एकदम 9800एक्स3डीच घेऊ." मी म्हटलं, एएम5चा बरा बोर्ड घे, त्यावर सहा कोअरचा 7600 बसव, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाल. 2027च्या पुढंही हा सॉकेट चालवणार असं कंपनी सांगते. मोठा प्रोसेसर तेव्हा घे, स्वस्तही मिळेल. तो जरा फुगलाय, पण ऐकेल.

परवा हुपरीचा मित्र भेटला. त्याला सांगितलं, आता पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डातच असतात, 1718, आणि केसासारख्या बारीक.

"मग बोर्ड घिऊन यायचा," तो म्हणाला.