दोन हंगाम पुढची बाई

धंदा सुरू करणाऱ्या बाईला शिकवायला बाईच कशाला हवी, असं मला बँकेतले अधिकारी अधूनमधून विचारतात. प्रश्न रास्त आहे. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, तेव्हा त्यांच्या पाठीशी छगनबाप्पा पारेख होते. हिशेब चोख ठेवा आणि दर्जात तडजोड करू नका, हे त्यांनीच त्या बायकांच्या मनावर बिंबवलं. धंद्याचं शास्त्र पुरुषही उत्तम शिकवू शकतो.

पण वाशिम जिल्ह्यातल्या बचत गटांना उद्योगाचं प्रशिक्षण देताना मी पाहते, की बाई शास्त्रापाशी क्वचितच अडते. घर नवऱ्याच्या नावावर, सातबारा सासऱ्याच्या नावावर, मग बँकेत तारण काय दाखवायचं? पहिल्या विक्रीचे पैसे हाती आले आणि दिरानं ते खतासाठी मागितले, तर नाही कसं म्हणायचं? प्रदर्शनाला परगावी राहायचं, तर म्हशीची धार कोण काढणार? पुरुष अधिकाऱ्यासमोर हे प्रश्न तिच्या तोंडून निघतच नाहीत. जी यातून वाट काढून पुढे गेली आहे, तिच्याजवळ मात्र ती पहिल्या चहालाच मोकळी होते.

आता ही बाई कोण असावी? आपल्याकडे मेळावा म्हटला की एखादी मोठी उद्योजिका व्यासपीठावर हवी असते. कल्पना सरोज मूळच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या. शिवणकामापासून कमानी ट्यूब्जपर्यंत पोचल्या, २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची गोष्ट मी स्वतः कितीदा तरी सांगितली आहे, आणि ती ऐकताना बायका ताठ बसतात हेही पाहिलं आहे. पण कार्यक्रम संपला की कुणीतरी बाजूला घेऊन विचारतेच, “थे सारं खरं हाय ताई, पण मले हळदीच्या पाकिटाले भाव किती लावू थे सांगा ना.”

मग ही बाई कोण असावी, याचं उत्तर नैरोबीच्या दांडोरा वस्तीतल्या एका अभ्यासात मला सापडलं. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान धंदा करणाऱ्या काही बायकांना वर्गात बसवून व्यवसायाचे धडे दिले. काही जणींना त्याच वस्तीतली, धंद्यात मुरलेली बाई जोडून दिली. वर्गाचा नफ्यावर टिकाऊ परिणाम दिसला नाही. जोडी जमलेल्या बायकांचा नफा मात्र सरासरी २० टक्क्यांनी वाढला, कारण माल स्वस्तात कुठे मिळतो हे त्यांना कळलं. पुढे भेटीगाठी थांबल्या तसा हा फायदाही ओसरत गेला. माझ्या लेखी या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

हळदीचंच घ्या. रिसोड, मालेगावकडे ती भरपूर पिकते. ओली हळद शिजवून वाळवली की साधारण पाचवा हिस्साच उरतो. शिवाय पॉलिशला घट, दळताना घट. नवी बाई ओल्या हळदीच्या दरावरून पाकिटाचा भाव काढते आणि पहिल्याच महिन्यात खोटीत जाते. अनुभवी बाई सांगते, पहिल्या वर्षी ओल्याच्या फंदात पडू नकोस, वाळलेली घे, महिन्याला लागेल तेवढीच दळ, जास्त दळून ठेवलीस तर वास उडतो. किराणा दुकानदार उधारीवर माल मागेल, तर मागच्या खेपेचे पैसे घेतल्याशिवाय पुढची खेप उतरवू नकोस. आपली मजुरी भावात धर. आमच्या प्रशिक्षणात हे सगळं आम्ही सांगतो, पण ते लागू पडतं जेव्हा दुकानदार समोर उभा असतो, आणि त्या घटकेला फोन करायला कुणीतरी हवं असतं.

अशा बायका आपल्या जिल्ह्यात आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून काम करतंय. तेजस्विनी कार्यक्रम झाला, विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी केम प्रकल्प आला, त्यात वाशिमही होता. नंतर उमेदचे ग्रामसंघ, प्रभागसंघ उभे राहिले. या सगळ्यांतून तयार झालेल्या, आज डाळ, मसाले, शेळ्या, शिवण यांवर घर चालवणाऱ्या बायका माविमच्या लोकसंचालित साधन केंद्रातल्या सहयोगिनीला, म्हणजे गटांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्तीला, नावानिशी ठाऊक असतात. तिला विचारा. आपल्याच मालाची पण दुसऱ्या तालुक्यातली बाई शोधा, म्हणजे गिऱ्हाईक पळवण्याची धास्ती दोघींनाही राहत नाही. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. सकाळी निघून दिवेलागणीच्या आत परतता येईल एवढंच अंतर ठेवा. पहिल्या भेटीला मैत्रीण सोबत न्या. अहमदाबादच्या सेवा बँकेच्या ग्राहक महिलांवरचा २०१६ चा अभ्यास आहे. प्रशिक्षणाला मैत्रिणीसह बोलावलेल्या बायकांनी धंद्यासाठी जास्त कर्ज उचललं आणि चार महिन्यांनी त्यांच्या घरचं उत्पन्नही वाढलेलं दिसलं.

पारख एकच सांगते. जी आपल्या वहीतलं तोट्याचं पान उघडून दाखवते, ती धरावी. जी लगेच भागीदारी मागते किंवा स्वतःचाच माल गळ्यात मारते, तिला नमस्कार करून निघावं.

आणि तिला मोबदला द्यावा. यावर मी बैठकांत वाद घालते आणि घालत राहीन. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रस्ताव तयार करणाऱ्या संसाधन व्यक्तीला कर्ज मंजुरीवर मानधन मिळतं. ते योग्यच आहे. पण मंजुरीनंतर वर्षभर फोन उचलणारी बाई फुकट राबावी, असं आपण सगळे गृहीत धरतो. तिचा दिवस बुडतो, गिरणी बंद राहते, आणि दोन-तीन भेटींनंतर ती साहजिकच मागे सरते. तिला कुणी दोष देऊ नये. साधन केंद्रांनी आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात तिच्या प्रवासाची आणि बुडालेल्या रोजाची तरतूद करावी, ग्रामसंघांनी तसा ठराव घ्यावा. केंद्राला जमेना तर नव्या बाईनं दर भेटीला ठरलेली रक्कम द्यावी, थोडी का होईना. पैसे दिले की प्रश्न विचारताना मिंधेपणा राहत नाही, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलं आहे.

फेब्रुवारीत हळद निघते, भाव त्या सुमारास ठरू लागतात. ज्यांना या वर्षी मसाल्यात उतरायचंय, त्यांनी दिवाळीचा फराळ आटोपला की सहयोगिनीला गाठावं. डिसेंबरपर्यंत जोडी जमली, तर वाळलेली हळद कुणाकडून आणि किती घ्यायची, हे दोघींना मिळून ठरवता येईल.